विशारद झाले, पण शिकवायचे कोणी शिकवले?

एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा गावोगावच्या केंद्रांवर होतात. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या या वाटेवर ‘विशारद पूर्ण’चा टप्पा ओलांडला की मध्यमवर्गीय घरातला पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आता क्लास कधी काढणार? प्रमाणपत्र चौकटीत बसते, दारावर पाटी लागते आणि काही दिवसांतच शेजारपाजारची चार-सहा मुले पेटीसमोर येऊन बसतात. विशारदच्या परीक्षेत राग किती विस्ताराने मांडता येतो, तालाची जाण पक्की आहे का, शास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे लिहिता येतात का, हे तपासले जाते. सात वर्षांच्या मुलाला पहिला ‘सा’ लावायला कसे शिकवायचे, याची कसोटी तेथे लागत नाही. गाता येणे आणि गायला शिकवता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे संगीतक्षेत्रात खासगीत सर्वांना मान्य असते. अभ्यासक्रमांनी मात्र त्याची फारशी दखल घेतलेली नाही.

हा जुनाच प्रश्न आता नव्याने पुढे येण्यामागे एक प्रशासकीय कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०च्या अंमलबजावणीसाठी राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढला. त्यानुसार पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला, म्हणजे महाविद्यालयांच्या रोजच्या बोलीतील ‘ओजेटी’ला, चार श्रेयांक मिळाले. चार श्रेयांक म्हणजे साधारण १२० तास. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हे तास सनदी लेखापालाच्या कार्यालयात काढतो, विज्ञानाचा विद्यार्थी प्रयोगशाळेत. संगीताच्या विद्यार्थ्याने ते कुठे काढायचे? ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ, आकाशवाणी, कार्यक्रमांचे आयोजन असे पर्याय आहेत. पण संगीत विषय घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी बहुतेकांची उपजीविका शेवटी शिकवण्यावरच चालते. तेव्हा हे १२० तास एखाद्या जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली मुलांना शिकवण्यात जावेत, ही अपेक्षा वाजवीच म्हणावी लागेल. अडचण आहे ती देखरेख कोणी आणि कुठे करायची, याची.

शालेय शिक्षणातील इतर विषयांकडे पाहिले की संगीताचे वेगळेपण ठळकपणे जाणवते. चित्रकलेच्या शिक्षकासाठी कला संचालनालयाची कला शिक्षक पदविका, म्हणजे सर्वांच्या परिचयाची ए.टी.डी., कित्येक दशके आहे. क्रीडाशिक्षकासाठी बी.पी.एड. आहे. भाषा किंवा गणित शिकवू इच्छिणाऱ्या छात्राध्यापकाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या निकषांनुसार बी.एड.च्या दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शालेय आंतरवासिता करावी लागते. पहिल्या वर्षी चार आठवडे, दुसऱ्या वर्षी सोळा. याच नियमावलीत प्रयोगीय कलांच्या शिक्षकांसाठी दोन वर्षांच्या पदविकेचीही तरतूद होती. तिला प्रसार लाभला नाही. केंद्रीय विद्यालय संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये प्राथमिक संगीत शिक्षकांच्या ३०३ जागा जाहीर केल्या, तेव्हा बारावीला ५० टक्के गुण आणि संगीतातील पदवी अथवा तत्सम पात्रता एवढी अट पुरेशी मानली गेली. त्याच भरतीत इतर प्राथमिक शिक्षकांकडून मात्र अध्यापनाची पात्रता आणि केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा या दोन्ही गोष्टी मागितल्या होत्या. म्हणजे बेरीज-वजाबाकी शिकवण्यासाठी प्रशिक्षण हवे आणि स्वर शिकवण्यासाठी ते नसले तरी चालेल, असा हा हिशेब आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ने सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट शंभरहून अधिक असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमण्याचे बंधन घातले. पण ‘कला’ या एका शब्दात चित्र, संगीत, नृत्य, नाट्य सारेच सामावते. शाळेने चित्रकलेचा निदेशक घेतला की कागदावरची अट पूर्ण होते. दुसरीकडे, दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी वाढीव गुण देण्याचे धोरण राज्याने २०१७ मध्ये अंगीकारले. आपल्या पाल्याने दहावीच्या आत ठरावीक परीक्षा पदरात पाडून घ्याव्यात, अशी पालकांची घाई तेव्हापासून वाढली. शाळेत संगीताचा शिक्षक नाही आणि शाळेबाहेर संगीताच्या परीक्षांना मागणी आहे, या दोहोंमधली पोकळी खासगी क्लास भरून काढतात. तेथे कोण शिकवतो आणि तो कुठे शिकवायला शिकला, हे विचारण्याची रीत नाही.

याने नेमके काय बिघडते, हे समजून घ्यायचे तर एखाद्या पहिल्याच तासाचा विचार करावा. नुकताच विशारद झालेला तरुण आपल्या सवयीने काळी एकमध्ये ‘सा’ धरतो. समोरच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलामुलींचा आवाज काळी तीन ते पाचच्या आसपास मोकळा लागतो. मुले प्रामाणिकपणे खाली उतरण्याचा प्रयत्न करतात, मंद्रात घसा दाबून पुटपुटतात. काही जण भलत्याच स्वरावर स्थिरावतात. शिक्षकाला ऐकू येतो तो बेसूरपणा. मग तो एकेकाला वेगळे काढतो आणि कधी तरी ते वाक्य उच्चारले जाते : ‘तुला सूर नाही, तू नुसता टाळ्या वाजव.’ आपण गाऊ शकत नाही, असे आयुष्यभर सांगत फिरणारी प्रौढ माणसे प्रत्येक घरात असतात. त्यांच्यापैकी कितीजणांचा दोष कानात होता आणि कितीजणांच्या वाट्याला चुकीची पट्टी आली, हे आता शोधणे अशक्य आहे. बारा-तेराव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो, तेव्हा त्याला वर्षभर कसे सांभाळायचे, किती गाऊ द्यायचे आणि किती नुसते ऐकवायचे, हे न कळल्यामुळे संगीत सोडणाऱ्या मुलांची गणती याहून वेगळी.

वाद्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण तेथे चूक शरीरात मुरते. डग्ग्यावर मनगट कसे टेकते आणि तबल्यावर बोट कुठे पडते, ही ठेवण पहिल्या काही महिन्यांत बसते. परीक्षा जवळ आली म्हणून कायदा दुगुणीत वाजवून घेण्याच्या नादात मनगट ताठ झाले, तर पुढे ते सोडवण्यात वर्षे जातात. व्हायोलिन अर्ध्या आणि पाऊण मापाचे मिळते. मुलाच्या हाताच्या लांबीप्रमाणे ते निवडायचे असते, हे ठाऊक नसलेला शिक्षक घरात पडून असलेले मोठे व्हायोलिन दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ठेवतो आणि ती मान दुखते म्हणून क्लास सोडते. या चुका करणारे शिक्षक अप्रामाणिक नसतात. स्वतः ज्या रीतीने शिकले, त्याच रीतीने ते शिकवतात, आणि ते शिकले बहुधा एकटे, गुरूंसमोर बसून. पस्तीस मिनिटांच्या तासाला साठ मुलांचा वर्ग गाता कसा ठेवायचा, याचा नमुना त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

असे असले तरी देखरेखीखाली शिकवणे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही, हे येथे आवर्जून नमूद करायला हवे. गुरूच्या घरी धाकट्या शिष्याला पलटे घोटून घेण्याचे काम थोरल्या गुरुबंधूकडे असे. गुरू आतल्या खोलीत असले तरी त्यांचा कान बाहेर असे आणि चूक झाली की धाकट्याच्या आधी थोरल्याला बोलणी बसत. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा या रीतीला त्यांनी संस्थेचे रूप दिले. त्यांचा ‘उपदेशक वर्ग’ हा संगीत शिकवणारी आणि त्याचा प्रसार करणारी माणसे घडवण्यासाठी होता. त्यात दाखल होणारे विद्यार्थी नऊ वर्षांसाठी बांधलेले असत. ओंकारनाथ ठाकूर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८९७चा त्यांचा जन्म. १९१६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पलुस्करांनी त्यांना लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य केले. मैफलीतले त्यांचे पदार्पण त्यानंतरचे, १९१८चे, आणि गुरूंकडचे शिक्षण तर १९३१ मध्ये पलुस्करांचे निधन होईपर्यंत चालूच होते. आधी शिकवणे, मग मैफल, आणि दोन्हीवर गुरूची नजर, असा तो क्रम होता.

पलुस्करांच्या शिष्यांनी पुढे परीक्षांची जी व्यवस्था उभी केली, तिने संगीत दिवाणखान्यातून चाळीतल्या घराघरापर्यंत नेले. हे ऋण फार मोठे आहे. मात्र परीक्षा टिकली आणि उपदेशक वर्ग विरला. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने १९३१ मध्ये संगीत शिक्षकांसाठीच स्वतंत्र महाविद्यालय काढले आणि टायगर वरदाचारियर यांच्यासारखा मातब्बर गायक त्याचा पहिला प्राचार्य झाला. महाराष्ट्रात त्या तोडीचे काही घडले नाही, याचे आश्चर्य वाटते. कारण संगीतशिक्षणाच्या संस्था काढण्यात मराठी माणूस तेव्हा सर्वांत पुढे होता.

जर्मन भाषक देशांत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. व्हिएन्नाच्या संगीत विद्यापीठात वाद्य आणि गायन शिकवण्याची स्वतंत्र पदवी आहे. ती मैफलीच्या कलाकाराच्या पदवीहून वेगळी आणि शालेय संगीतशिक्षकाच्या पदवीहूनही वेगळी. तेथील विद्यार्थी आधी अनुभवी शिक्षकांच्या तासाला नुसता बसतो, पाहतो, टिपणे काढतो. नंतर त्याच्याकडे खरा नवशिका विद्यार्थी सोपवला जातो. आठवड्यातून एकदा तो त्याला शिकवतो आणि मार्गदर्शक अध्यापक त्याच खोलीत बसलेला असतो. शेवटी परीक्षकांसमोर एक तास घ्यावा लागतो आणि त्यावर प्रश्नोत्तरे होतात. यात थक्क व्हावे असे काही नाही. लक्षात घेण्याजोगी बाब एवढीच, की छात्राध्यापकाला तेच मूल दीर्घकाळ शिकवायला मिळते. आज दिलेला पाठ पुढच्या आठवड्यात कोणत्या अवस्थेत परत येतो, हे पाहिल्याखेरीज शिकवणे कळत नाही. आपल्या बी.एड.च्या सराव पाठांत नेमके हेच निसटते : आज सहावी ‘अ’, उद्या आठवी ‘क’, पाठ टाचणाच्या वहीवर निरीक्षकाची सही आणि पुढचा पाठ.

आता १२० तासांच्या अडचणीकडे वळू. ज्या शाळांत संगीताचा शिक्षक नाही, त्यांना छात्राध्यापक हवाच असतो. फुकटचा शिक्षक कोणाला नको? पण अशा शाळेत त्याचे काम पाहून चूक दाखवणारे कुणीच नसते. मुख्याध्यापक हजेरीपत्रकावर सही करू शकतात, पट्टी चुकली हे सांगू शकत नाहीत. ज्या शाळांत संगीत शिक्षक आहे, तेथे देखरेख शक्य असते. मात्र त्या शिक्षकाला या जादा कामाचा मोबदला नाही, वेळापत्रकात त्यासाठी जागा नाही, आणि आपल्या वर्गात कुणी पाहुणा येऊन प्रयोग करणार याची नाराजीही असू शकते. देखरेखीची सर्वाधिक गरज असलेल्या ठिकाणी ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी, असा हा पेच आहे.

दुसरा धोका शाळेच्या सवयीत आहे. आपल्या शाळांना संगीताची आठवण प्रामुख्याने दोन प्रसंगी होते : पाहुणे येणार असले की स्वागतगीतासाठी आणि स्नेहसंमेलन जवळ आले की समूहगीतासाठी. छात्राध्यापिका शाळेत पाऊल टाकताच तिच्या हाती निवडक वीस मुलांचा गट आणि एक तारीख देण्यात येते. त्या मुलांकडून दोन गाणी घोटून घेणे यालाच तिचे प्रशिक्षण म्हटले जाते. ज्या मुलांना गाता येते त्यांचीच निवड झालेली असल्याने, ज्यांना येत नाही त्यांना कसे शिकवायचे हा मूळ प्रश्न तिच्यासमोर येतच नाही. प्रमाणपत्रावर मात्र १२० तासांची नोंद होते.

मग हे काम व्हावे कुठे? याचे उत्तर बहुधा शाळेबाहेर, जुन्या संगीत विद्यालयांत आहे. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये पुण्यात स्थापलेला भारत गायन समाज, प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत काढलेले स्कूल ऑफ इंडियन म्युझिक, विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय यांची परंपरा राज्यातील अनेक शहरांत पसरलेली आहे. अशा विद्यालयांत वर्षभर येणारी मुले असतात आणि चाळीस-चाळीस वर्षे नवशिक्यांना शिकवलेले ज्येष्ठ शिक्षक असतात. प्रारंभिकचा वर्ग उत्तम सांभाळणाऱ्या या शिक्षकांना मैफलीचे मानपान क्वचितच लाभतात. विद्यापीठांनी त्यांना मार्गदर्शक अध्यापक म्हणून रीतसर मान्यता आणि मानधन दिले, तर छात्राध्यापकाला मुले आणि मार्गदर्शक दोन्ही एकाच छताखाली मिळतील. साठ मुलांच्या वर्गाचा अनुभव घेण्यासाठी शाळा लागेलच. पण ती दुसरी पायरी असावी, आणि विद्यापीठाचा निरीक्षक तेथे प्रत्यक्ष जावा.

देखरेख म्हणजे नेमके काय, याचीही स्पष्टता हवी. मागच्या बाकावर दहा मिनिटे बसून ‘आवाज चांगला, आत्मविश्वास वाढवावा’ असा शेरा देणे ही देखरेख नव्हे. तासातील किती मिनिटे शिक्षक गायला आणि किती मिनिटे मुले गायली, हे घड्याळ लावून मोजता येते. नवशिके शिक्षक बहुतेक वेळ स्वतःच गात असतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. पट्टी कोणती धरली? अंतऱ्यातील एक जागा चुकली, तेव्हा पूर्ण बंदिश पुन्हा म्हणवली की तेवढाच तुकडा काढून दुरुस्त केला? कोपऱ्यातले मूल नुसते ओठ हलवत होते, ते दिसले का? अशा चार-पाच गोष्टींवर तास संपल्याबरोबर पंधरा मिनिटे बोलणे झाले, तर छात्राध्यापकाला त्यातून जे मिळते ते शैक्षणिक मानसशास्त्राच्या पुस्तकातून मिळणे कठीण. यासाठी एका मार्गदर्शकाकडे पाच-सहांहून अधिक विद्यार्थी असता कामा नयेत आणि हे तास त्याच्या कार्यभारात धरले जावेत. कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालणाऱ्या विभागांकडून ही अपेक्षा ठेवताना सरकारला खिशात हात घालावा लागेल, हे उघड आहे.

या सूचनेला संगीतक्षेत्रातून विरोध होईल, आणि तो सर्वस्वी गैरलागू नाही. विशी-बाविशीची वर्षे रियाजाची. त्या वयात गळा नवशिक्यांच्या वर्गात झिजवला तर कलाकार घडणार कसा, असा प्रश्न गुरुजन विचारतील. त्यामागे एक न बोललेली श्रेणीही असते : ज्याला मैफल साधली नाही तो मास्तर होतो. परंतु १२० तास वर्षभरात विभागले तर रियाजावर संक्रांत येत नाही. उलट, तेच पलटे दहा वेगवेगळ्या गळ्यांना दहा प्रकारे समजावताना शिकवणाऱ्याला स्वतःच्या गळ्याविषयी बरेच काही कळते, असा जाणत्या शिक्षकांचा अनुभव आहे. शिवाय मैफलीवर संसार चालवू शकणारे कलावंत दर पिढीत किती असतात, हेही या गुरुजनांना चांगले ठाऊक आहे.

मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा याच व्यवस्थेशी जोडलेला आहे. बदलापूर येथील ऑगस्ट २०२४च्या घटनेनंतर शाळेत येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींच्या चारित्र्य पडताळणीबाबत राज्यात काटेकोरपणा आला आहे आणि तो योग्यच आहे. संगीताचे, विशेषतः वाद्याचे शिक्षण पुष्कळदा बंद खोलीत एकास एक चालते, हात धरून बोटे बसवावी लागतात. शिकवताना खोलीत दुसरा जाणता माणूस असणे हे छात्राध्यापकाच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही हिताचे आहे.

ऑनलाइन वर्गांनी या चित्रात एक गमतीदार भर घातली आहे. २०२०च्या टाळेबंदीपासून अमेरिकेतील, आखातातील मराठी कुटुंबांची मुले पुण्या-डोंबिवलीच्या शिक्षकांकडे पडद्यावरून शिकू लागली. आवाज पोहोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबामुळे तेथे गुरू-शिष्याला एकत्र गाता येत नाही, ठेका धरता येत नाही, ही मोठीच उणीव. पण अशा वर्गात मार्गदर्शकाला आवाज बंद ठेवून, मुलाचे लक्ष विचलित न करता, पूर्ण तास पाहता येतो. पालकांच्या संमतीने हे करणे शक्य आहे आणि त्याला खर्चही जवळपास नाही.

राहता राहिला वेळापत्रकाचा भाग, आणि सगळे मुसळ केरात जाण्याची भीती तेथेच अधिक आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षण दुसऱ्या सत्रात येते. हे सत्र साधारण जानेवारीपासून सुरू होते. शाळांत तेव्हा स्नेहसंमेलनाची गडबड ओसरत असते, फेब्रुवारीपासून परीक्षांचे वारे वाहू लागतात आणि कलेचे तास सर्वांत आधी इतर विषयांना दिले जातात. खासगी विद्यालयांतही एप्रिल-मेच्या परीक्षांची तयारी ऐन भरात असते. नवशिक्या शिक्षकाला नवशिकी मुले मिळतात ती जूनमध्ये. आठवड्याला चार तास याप्रमाणे तीस आठवडे धरले तर १२० तासांचा हिशेब जूनपासून शैक्षणिक वर्षाच्या अखेरपर्यंत सहज बसतो. त्यासाठी सत्राची चौकट थोडी सैल करून हे श्रेयांक वर्षअखेरीस नोंदवण्याची मुभा अभ्यास मंडळांनी द्यायला हवी. पुढच्या जूनच्या प्रवेशांआधी हा निर्णय झाला नाही, तर आणखी एक तुकडी समूहगीते बसवून आपले १२० तास पूर्ण करील.